सॅटर्नाइन: शनीच्या नावाचं एक इंग्रजी विशेषण



आजचा विषय एका शब्दापुरता आहे. इंग्रजीतलं एक विशेषण, 'सॅटर्नाइन'. रोजच्या बोलण्यात हा शब्द क्वचितच ऐकू येतो. जुन्या कादंबऱ्यांत तो भेटतो, नाटकाच्या परीक्षणात भेटतो, आणि जीआरई परीक्षेच्या शब्दयाद्यांत हमखास असतो. मुलं पाठ करतात: सॅटर्नाइन म्हणजे उदास. आणि पुढच्या शब्दाकडे वळतात.

आता सॅटर्न म्हणजे शनी, हे शाळेतल्या भूगोलामुळे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे शब्दशः बघायला गेलं तर सॅटर्नाइन म्हणजे 'शनीचा', 'शनीच्या वळणाचा'. आपण बसलोय शनिशिंगणापुरात. शनी म्हणजे काय, हे या गावात कुणाला समजावून सांगायला नको. इंग्रजीने शनीच्या नावाने माणसाचं वर्णन केलं, मराठीनेही शनीला भाषेत जागा दिली. पण दोघींनी त्याला वेगवेगळ्या ठिकाणी बसवलं. इंग्रजीने शनी माणसाच्या स्वभावात बसवला. मराठीने तो माणसाच्या दिवसांत बसवला. हा फरक नीट कळला की शब्द पाठ करावा लागत नाही. शिवाय आपण माणसांना कोणती विशेषणं चिकटवतो, याचाही थोडा विचार होतो.

शब्दाची घडण आणि नेमका अर्थ

आधी उच्चार. सॅटर्-नाइन. जोर पहिल्या 'सॅ'वर. शेवटचा 'आइन' हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय. 'त्याच्यासारखा, त्याच्या जातीचा' असा त्याचा अर्थ. दाताच्या डॉक्टरकडे तुम्ही 'कॅनाइन' ऐकला असेल. कुत्र्यासारखा दात, म्हणजे आपला सुळा. तसंच मांजराचं ते फेलाइन, गाईबैलांचं ते बोव्हाइन. त्याच साच्यात सॅटर्नचं ते सॅटर्नाइन. पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे.

अर्थ काय? नुसतं 'उदास' म्हणून भागत नाही. परीक्षेत एखादा गुण मिळेल, पण वाचताना अडेल. या शब्दात चार छटा एकत्र आहेत. एक, गंभीरपणा. दोन, संथपणा, म्हणजे बोलायला, हसायला, रागवायलासुद्धा वेळ लागणं. तीन, अबोलपणा. आणि चार, थोडा कडवटपणा. असा माणूस हसलाच तर ओठाच्या एका कोपऱ्यातून हसेल, आणि ते हसू तुम्हाला सुखावणारं नसेल.

म्हणून हा शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते बघा. सॅटर्नाइन चेहरा, सॅटर्नाइन स्वभाव, सॅटर्नाइन हास्य, सॅटर्नाइन विनोद. माणसाच्या मुद्रेला आणि वृत्तीला तो लागतो. सॅटर्नाइन पाऊस म्हणत नाहीत, सॅटर्नाइन बातमीही म्हणत नाहीत. बातमी वाईट असते, दुःखद असते. ती वाचून दाखवणारा माणूस सॅटर्नाइन असू शकतो. दुसरं म्हणजे, ही तात्पुरती अवस्था नाही. परवा मुलीला सासरी पाठवून आलेला बाप आज गप्प आहे, तर तो सॅटर्नाइन नव्हे. तो फक्त आज उदास आहे. जो लग्नातही तसाच असतो आणि बारशालाही तसाच असतो, तो सॅटर्नाइन.

जॉन ड्रायडन नावाचा इंग्रज कवी आणि नाटककार होता. 1668 सालच्या एका लेखात त्याने स्वतःबद्दलच हा शब्द वापरला आहे. विनोदी नाटकं लिहायला लागणारी मौज माझ्या अंगात नाही, माझं बोलणं संथ आणि रटाळ, माझी वृत्ती सॅटर्नाइन आणि अलिप्त, असं तो सांगतो. बघा, 'मी दुःखात आहे' असं तो म्हणत नाही. 'मी असाच आहे' असं म्हणतोय. पुढे 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश छापला. त्यातही अर्थ देताना त्याने कारण जोडलं, की असा माणूस शनीच्या अंमलाखाली जन्मलेला मानला जाई.

शनीच का?

आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसणारे ग्रह पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. त्यात सगळ्यात संथ शनी. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. आपल्या पूर्वजांनी त्याचं नावच तसं ठेवलं, शनैश्चर. 'शनैः' म्हणजे हळूहळू, 'चर' म्हणजे चालणारा. आपल्या कथांत तो पांगळा आहे. रोममध्ये सॅटर्नच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोऱ्यांनी बांधून ठेवत आणि फक्त त्याच्या सणाला सोडत. इथे पांगळा, तिथे पाय बांधलेला.

हे साम्य थोडं योगायोगाचं आणि थोडं देवाणघेवाणीचं आहे. संथ ग्रह संथच दिसणार, मग तो नेवाशातून बघा नाहीतर रोममधून. पण राशी, होरा, वारांचा क्रम हे सगळं ग्रीक आणि भारतीय ज्योतिषात एकमेकांकडे गेलेलं-आलेलं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहज्जातका'त ग्रहांची वाटणी करताना सूर्याला आत्मा दिला, चंद्राला मन दिलं आणि शनीला दुःख दिलं. वारांच्या नावात तर गंमतच आहे. इंग्रजीत मंगळवार ते शुक्रवार ही नावं उत्तर युरोपातल्या जुन्या देवांची झाली, पण शनिवारचा रोमन देव कुणी हलवला नाही. सॅटरडे आणि शनिवार, दोन्हीकडे तोच.

आता संथ ग्रहाचा स्वभाव माणसात कसा शिरला? जुन्या युरोपीय वैद्यकात चार रस मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. आपल्या वात-पित्त-कफासारखीच ती कल्पना समजा. ज्याच्यात काळं पित्त जास्त तो खिन्न, विचारी, एकलकोंडा. या खिन्नतेला 'मेलॅन्कली' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. हे काळं पित्त कोरडं आणि थंड. शनीही कोरडा आणि थंड मानलेला. दोघांची जोडी लागली. झालं, खिन्न माणूस म्हणजे शनीचा माणूस.

इतर ग्रहांनाही अशीच विशेषणं मिळाली. बुधाचा 'मर्क्युरियल', म्हणजे चपळ आणि घडीत एक घडीत दुसरं. गुरूचा 'जोव्हियल', म्हणजे खुशमिजास. मंगळाचा 'मार्शल', म्हणजे लढाऊ. 'मार्शल आर्ट्स'मधला तो हाच. चंद्रावरून 'लूनॅटिक', वेडसर. यातला जोव्हियल आजही रोज ऐकू येतो. सॅटर्नाइन मात्र पुस्तकात राहिला. तुम्हाला तो लक्षात ठेवायचा असेल तर जोव्हियलच्या समोर ठेवा. लग्नाच्या मांडवात पंगतीला आग्रह करत फिरणारा काका जोव्हियल. त्याच मांडवात खांबाला टेकून, पाण्याचा ग्लास हातात धरून सगळं बघत बसलेला दुसरा काका सॅटर्नाइन.

या दुसऱ्या काकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मार्सिलिओ फिचिनो नावाचा विद्वान होता. त्याच्या पत्रिकेत शनी प्रबळ होता आणि त्याबद्दल तो मित्राला पत्रांतून कुरकुर करायचा. पण 1489 साली त्याने अभ्यासू लोकांच्या प्रकृतीवर एक ग्रंथ छापला. शनीचा खिन्नपणा हा विचार करणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो, त्यातूनच मोठं काम होतं, असा त्याचा सूर होता. पुढे 1514 साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 'मेलेन्कोलिया' हे कोरीव चित्र केलं. पंख असलेली एक व्यक्ती मुठीवर डोकं टेकून बसली आहे. भोवती करवत, रंधा, तराजू, सगळी अवजारं पडली आहेत, आणि ती काहीच करत नाही. सॅटर्नाइन म्हणजे काय, हे एका नजरेत बघायचं असेल तर ते चित्र इंटरनेटवर शोधून बघा. म्हणजे हा शब्द शिवी नाही. त्यात थोडा आदरही मिसळलेला आहे.

शिसं आणि मनगट

आता शब्दाचा दुसरा अर्थ. शब्दकोशात तो शेवटी बारीक अक्षरात असतो, पण महत्त्वाचा आहे. सॅटर्नाइन म्हणजे 'शिशाचा', 'शिशामुळे झालेला'.

युरोपातल्या किमयागारांनी सात धातू सात ग्रहांना वाटले. सोनं सूर्याला, चांदी चंद्राला, पारा बुधाला, तांबं शुक्राला, लोखंड मंगळाला, कथील गुरूला आणि शिसं शनीला. शिसं जड, मळकट, थंड. आपल्याकडे शनीचा धातू लोखंड, त्यांच्याकडे शिसं. त्यामुळे शिशाच्या विषबाधेला वैद्यकात 'सॅटर्निझम' नाव पडलं. शिशामुळे होणाऱ्या संधिवाताला 1859 साली लंडनचे डॉक्टर गॅरड यांनी 'सॅटर्नाइन गाउट' म्हटलं.

ही विषबाधा कुणाला व्हायची? रंगाऱ्यांना, कारण पांढऱ्या रंगात शिसं. कुंभारांना, कारण मातीच्या भांड्यांवरच्या चकाकीत शिसं. छापखान्यातल्या लोकांना, कारण खिळे शिशाचे. इंग्लंडच्या डेव्हन भागात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा यायच्या. 1767 साली डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिलं, की फळं दाबायच्या यंत्रांत शिसं वापरलेलं आहे आणि ते रसात उतरतंय. आपल्या घोडेगाव-शिंगणापूर रस्त्यावर बैलाच्या चरकाच्या रसवंत्या आहेत. तो लाकडी चरक बघताना मला नेहमी वाटतं, बरं झालं आपल्या लोकांना शिशाचा पत्रा सुचला नाही.

शिशाच्या विषबाधेची लक्षणं ऐका. पोटात कळ, मनगटातला जोर जाणं, रंग उतरणं, चिडचिड, मंदपणा, उदासी. म्हणजे माणूस खरोखरच सॅटर्नाइन व्हायचा! शेजारी म्हणत असतील, काय घुम्या स्वभावाचा रंगारी आहे. पण तो स्वभाव नव्हता आणि आकाशातला ग्रहही नव्हता. त्याच्या रंगाच्या डब्यातलं विष होतं ते.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. भारतात शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांच्या वर असू नये, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. आणि आपला शेंदूर? परंपरेने करतात तो शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. शनिवारी आपण मारुतीला जातो, शेंदराचं बोट कपाळाला लावतो. लहान मुलांच्या तोंडात ते बोट जाणार नाही, एवढं बघा. भांड्यांना कल्हई लावून घेतानाही कथलात शिशाची भेसळ नाही ना, हे विचारून घ्या.

तीन भावंडं: एक उदास, एक भोळं, एक धिंगाणा घालणारं

वापरताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. सॅटर्न या एका नावावरून इंग्रजीत तीन विशेषणं आहेत आणि तिन्हींचे अर्थ तीन दिशांना जातात.

पहिलं सॅटर्नाइन, ते आपण पाहिलं.

दुसरं 'सॅटर्नेलियन'. रोममध्ये 17 डिसेंबरला सॅटर्नचा सण सुरू व्हायचा, सॅटर्नेलिया. आपल्या शिमग्यासारखा. खाणंपिणं, जुगार, भेटी, थट्टा, आणि मालकाने गुलामाच्या पंगतीची सोय बघायची, असला उलटा कारभार. म्हणून सॅटर्नेलियन म्हणजे बेबंद मौजमजेचा. सॅटर्नाइनच्या बरोबर उलट. सॅटर्नाइन माणूस सॅटर्नेलियन रात्री कोपऱ्यात बसलेला सापडेल.

तिसरं 'सॅटर्नियन'. आज ते शनी ग्रहाबद्दल वापरतात, पण जुना अर्थ वेगळा आहे. रोमन लोकांचा सॅटर्न हा पेरणीचा देव, हातात विळा असलेला. तो राजा होता तेव्हा पृथ्वीवर सुवर्णयुग होतं, अशी त्यांची कथा. आपण सत्ययुग म्हणतो तसं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात टिबुलस नावाचा रोमन कवी होऊन गेला. सॅटर्नच्या राज्याचं वर्णन करताना त्याने काय सांगितलंय बघा: तेव्हा कोणत्याच घराला दार नव्हतं, आणि शेतात हद्दीचे दगड रोवलेले नव्हते.

घराला दार नव्हतं! शिंगणापुरात बसून हे ऐकताना जरा थांबावंसं वाटतं. मी इथे कोणताही ऐतिहासिक धागा जोडत नाही, बरं का. टिबुलसला नेवासा तालुका माहीत नव्हता आणि शिंगणापूरकरांना टिबुलस माहीत असायचं कारण नाही. दोन ठिकाणी, दोन काळांत, शनीच्या अंमलाखालच्या घरांना दारं नसतात अशी कल्पना माणसाला सुचली, एवढंच.

दोन्हींतला फरकही बघण्यासारखा आहे. टिबुलसच्या गोष्टीत दारं नाहीत, कारण लोभच नाही. शिंगणापुरात दारं नाहीत, कारण राखणदार आहे. गावातली कथा तुम्हाला पाठ आहे, पण हे व्याख्यान ऑनलाइन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुरात वाहून आलेली काळी शिळा, गुराख्याने काठीने टोचल्यावर तिच्यातून आलेलं रक्त, मग झालेला दृष्टांत: मला देऊळ बांधू नका, छप्पर नको, उघड्यावर राहीन आणि गाव राखीन. देवाला छप्पर नाही, म्हणून घराला दार नाही. चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं-मांजर येऊ नये म्हणून कुणी रात्री फळी टेकवतं. 2011 साली युको बँकेने इथे शाखा काढली तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून देशभर बातम्या आल्या. 2015 साली गावात पोलीस ठाणं झालं. चोरीच्या तक्रारी कधी झाल्याच नाहीत असंही नाही. काळ बदलतो, गावात गर्दी वाढते, आणि दाराचा विचार लोक करतात. पण ही प्रथा शनीच्या भरवशावर उभी राहिली, हे खरं.

तर शब्दकोश हातात घेऊन या गावाला विशेषण लावायचं झालं, तर कोणतं लावाल? सॅटर्नाइन नाही. सॅटर्नियन. परीक्षेत नुसतं 'सॅटर्न म्हणजे उदास' पाठ करणारा मुलगा इथे फसेल.

मराठीत शनी कुठे बसतो

आता आपल्या भाषेकडे येऊ. सॅटर्नाइनचं भाषांतर करायला बसलं की शनीचे सगळे शब्द आठवतात आणि एकही उपयोगी पडत नाही. साडेसाती लागली. शनी मागे लागला. शनीची वक्रदृष्टी झाली. यातलं काहीही सॅटर्नाइन नाही.

व्याकरण बघा, म्हणजे कारण कळेल. इंग्रजीत 'तो सॅटर्नाइन आहे'. मराठीत 'त्याला साडेसाती लागली आहे'. 'त्याला लागली', जशी भूक लागते, ठेच लागते, थंडी लागते. बाहेरून येते, आणि जाते. साडेसाती लागते, चालू असते, सुटते. तिला मुदत आहे. शनी साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तुमच्या राशीच्या मागची, तुमची आणि पुढची, अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षं. हिशोब साधा आहे. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, भाषेने त्यातून घेतलेली गोष्ट मोलाची आहे: वाईट दिवस हे दिवस असतात, तो माणूस नसतो.

घरोघरी वाचतात त्या 'शनिमाहात्म्या'तल्या विक्रम राजाचं बघा. शनीला कमी लेखलं म्हणून साडेसाती लागली. परक्या गावी चोरीचा आळ आला. हार गिळला चित्रातल्या हंसाने, आणि शिक्षा झाली विक्रमाला. हातपाय तोडले गेले. तेल्याच्या घाण्यावर बसायची वेळ आली. एवढं सगळं झालं, पण विक्रम सॅटर्नाइन झाला का? नाही. घाण्यावर बसून तो दीपक राग गातो आणि नगरातले दिवे लागतात! शनी त्याच्या दिवसांत आला, गळ्यात शिरला नाही. आणि मुदत संपल्यावर हातपायही परत आले.

हे खरं, की आपल्या ज्योतिषाच्या ग्रंथांत शनीप्रधान माणसाचा स्वभाव सांगितलेला आहे: संथ, कृश, गंभीर. पण ते पत्रिका बघणाऱ्यांच्या पुस्तकात राहिलं, ओट्यावरच्या बोलण्यात उतरलं नाही. 'हा माझ्यामागचा शनी आहे' असं आपण म्हणतो, पण त्यात तो माणूस उदास आहे असा अर्थ नसतो. तो मला छळतो, एवढाच असतो. उलट इंग्रजीतही नशिबाचे शब्द आहेतच. 'डिझॅस्टर' या शब्दाच्या पोटात वाईट तारा दडलेला आहे. फक्त शनीचं नाव त्यांनी स्वभावासाठी राखून ठेवलं.

मग भाषांतर कसं करायचं? संदर्भ बघून. सॅटर्नाइन माणूस, तर 'घुमा' किंवा 'कुढा'. सॅटर्नाइन चेहरा, तर 'सुतकी चेहरा'. थट्टेचा सूर असेल तर 'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा'. सॅटर्नाइन हास्य, तर 'कडवट हसू'. ड्रायडनसारखा माणूस स्वतःबद्दल बोलत असेल तर 'गंभीर, अबोल वृत्तीचा'. वैद्यकाच्या पुस्तकात असेल तर सरळ 'शिशामुळे झालेला'. एक शब्द सगळीकडे बसवायला जाऊ नका.

विशेषण चिकटतं तेव्हा

मराठीचं फार कौतुक करून मी थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. शनीच्या बाबतीत आपली भाषा उदार आहे. मंगळाच्या बाबतीत नाही. 'तिला मंगळ आहे' इथून सुरुवात होते, आणि बघता बघता ती 'मंगळाची मुलगी' होते. इथे ग्रह दिवसांत बसत नाही, माणसात बसतो. त्याला साडेसात वर्षांची मुदत नाही. चांगली शिकलेली, कामाची मुलगी, आणि पत्रिका पाहून स्थळं परत जातात. विशेषण असं चिकटलं की निघत नाही.

सॅटर्नाइनमध्येही तोच धोका आहे. एखाद्या घरात एक माणूस गप्प असतो. आपण म्हणतो, स्वभावच घुमा आहे त्याचा. एकदा स्वभाव म्हटलं की विचारायचं काही उरत नाही. पण तो कर्जामुळे गप्प असेल. दोन वर्षं झोप लागत नसेल. ऐकू कमी येत असेल, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. त्या जुन्या रंगाऱ्यासारखं अंगात विष भिनत असेल. खरोखरच अबोल वृत्तीचे लोक असतात, त्यांना तसं राहू द्यावं, उगाच हसवायला जाऊ नये. पण आधी बोलका असलेला माणूस गप्प झाला असेल, तर ते सॅटर्नाइन नव्हे. ते आजारपण असू शकतं, आणि आजाराला उपचार असतात. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलीमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक 14416. मराठीत बोलता येतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सॅटर्नाइन आणि टॅसिटर्न हे एकच का?

नाही. नाद सारखा आहे, मूळ वेगळं. टॅसिटर्न गप्प राहण्याच्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा शनीशी संबंध नाही. टॅसिटर्न म्हणजे फक्त मितभाषी. तो मनातून आनंदी असू शकतो. सॅटर्नाइनमध्ये सावली असते. आणि 'सॅटॅनिक'शीही गल्लत करू नका, तो सैतानाचा.

प्रश्न: सावळ्या माणसाच्या वर्णनात हा शब्द का दिसतो?

जुन्या कादंबऱ्यांत काळे केस, दाट भुवया, सावळा चेहरा असं वर्णन करून पुढे सॅटर्नाइन जोडलेला असतो. काळं पित्त, काळा ग्रह, काळा चेहरा, अशी ती साखळी. वाचताना ओळखा, पण लिहिताना ती पुढे चालवू नका. रंगाचा आणि वृत्तीचा काही संबंध नाही.

प्रश्न: तोंडावर कुणाला असं म्हटलं तर चालेल का?

स्वतःला म्हणा, ड्रायडनने म्हटलं तसं. कादंबरीतल्या पात्राला म्हणा. समोर बसलेल्या माणसाला विशेषण लावायच्या आधी एक प्रश्न विचारा: 'काय झालंय?' तो म्हणाला, 'काही नाही, मी असाच आहे,' आणि खरंच तसा असला, तर मग शब्द आहेच तुमच्याकडे.